लेझरने कापताना लाकूड पेटत का नाही?

लेझरने कापलेली वस्तू कुणाच्याही हातात द्या. आधी ती उलटसुलट करून पाहिली जाते, मग कडेचा तपकिरी रंग बोटाने घासला जातो, बोट नाकाशी जातं आणि प्रश्न येतो: हे खरंच उजेडाने कापलंय? मग लाकूड पेटलं कसं नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं नीट उत्तर द्यायचं तर प्रकाश, उष्णता, लाकूड आणि वेळ या चारही गोष्टींकडे पाहावं लागतं. आणि हे चारही ज्याला उमगले, तो घरच्या टेबलावर मावणाऱ्या यंत्रातून पेटी, नावाची पाटी, रांगोळीचा छापा, मखर, आकाशकंदील असं काहीही घडवू शकतो. म्हणून प्रकरणाची सुरुवात याच प्रश्नाने करू.

१. ऊन, भिंग आणि चाळीस वॅट

लहानपणी भिंगाने कागद जाळला नाही असा माणूस विरळा. दुपारच्या उन्हात भिंग धरायचं, हात वर-खाली करत कागदावरचा पांढरा गोल लहान करत न्यायचा, तो टिकलीएवढा झाला की धूर निघतो. ऊन तेच आहे. अंगणभर पसरलेलं असताना ते कागदाला काही करत नाही. तेच थोड्या जागेत गोळा झालं की कागद जाळतं.

आता थोडा हिशोब करू. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर उन्हाची साधारण 1,000 वॅट शक्ती पडते. एका चौरस मीटरमध्ये दहा लाख चौरस मिलिमीटर असतात, म्हणजे एका चौरस मिलिमीटरच्या वाट्याला वॅटचा हजारावा भाग येतो. छंद म्हणून वापरलं जाणारं एक नेहमीचं लेझर यंत्र 40 वॅटचं असतं. आकडा लहान वाटतो. जुन्या ट्यूबलाइटलाही 40 वॅट लागायचे. पण लेझरचा किरण भिंगातून जाऊन लाकडावर पडतो तेव्हा त्याचा ठिपका जेमतेम 0.2 मिमी व्यासाचा असतो. त्या ठिपक्याचं क्षेत्रफळ सुमारे 0.03 चौरस मिमी. 40 ला 0.03 ने भागलं की एका चौरस मिलिमीटरमागे 1,300 वॅटच्या आसपास येतात. भर दुपारच्या उन्हाच्या तेरा लाखपट!

मग ट्यूबलाइटसमोर भिंग धरून लाकूड का कापता येत नाही? कारण तिचा उजेड चहूकडे फाकतो. भिंगाच्या वाट्याला त्यातला थोडासाच येतो, आणि तोही लांबलचक नळीच्या वेगवेगळ्या भागांतून आलेला असल्यामुळे एका बिंदूत गोळा होत नाही. लेझरचा प्रकाश जवळपास समांतर, एकाच दिशेने आणि एकाच तरंगलांबीचा निघतो. भिंगाला तो सगळाच्या सगळा मिळतो आणि भिंग तो एका ठिपक्यात आणून ठेवतं.

२. बारामतीत जन्मलेला शास्त्रज्ञ आणि न दिसणारा किरण

असा एकसारखा प्रकाश निर्माण करता येईल, यामागचं तत्त्व आइन्स्टाइनने 1917 साली मांडलं होतं. अणू किंवा रेणू ऊर्जा साठवून बसलेला असताना त्याच्याजवळून योग्य तरंगलांबीचा प्रकाश गेला, तर तो आपली ऊर्जा अगदी तशाच, त्याच दिशेच्या प्रकाशात सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार. हे प्रत्यक्षात उतरायला 1960 साल उजाडलं. अमेरिकेत थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेझर चमकवला.

लाकूड कापणारा लेझर मात्र त्यानंतरचा, आणि त्याचं नातं आपल्या मातीशी आहे. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म 1938 साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली, पुढे स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम सुरू केलं. 1964 साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेझर जगापुढे मांडला. आज जगभरच्या घरांत, शाळांत आणि छोट्या कारखान्यांत लाकूड, कागद, कापड, ॲक्रिलिक कापणारी जी काचेची नळी जळते, ती याच शोधाची वंशज आहे. नावाच्या पाट्या कापून देणाऱ्या आपल्याकडच्या किती दुकानदारांना हे माहीत असेल? प्रत्येक यंत्राशेजारी पटेलांचा फोटो असावा असं मला मनापासून वाटतं.

नळीत तीन वायू असतात आणि तिघांची कामं वाटून दिलेली असतात. विजेच्या प्रवाहाने नायट्रोजनचे रेणू थरथरू लागतात. त्यांच्या थरथरीतली ऊर्जा जवळपास तेवढीच असते जेवढी कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला हवी असते, त्यामुळे टक्कर झाली की ती ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाते. कार्बन डायऑक्साइड ती प्रकाशरूपाने सोडतो. प्रकाश देऊन झाल्यावरही त्याच्यात थोडी ऊर्जा उरते. ती काढून घेऊन रेणूला पुन्हा कामाला मोकळं करणं आणि उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत नेणं हे हेलियमचं काम. नळीच्या दोन टोकांना आरसे असतात. एक पूर्ण परावर्तन करणारा, दुसरा थोडा प्रकाश बाहेर सोडणारा. तो सुटलेला प्रकाश म्हणजे आपला किरण.

हा किरण डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन, आणि याची 10.6 मायक्रॉन. या एका आकड्यावर पुढचं बरंच काही ठरतं. या प्रकाशाला साधी काच पारदर्शक नसते, म्हणून यंत्राचं भिंग काचेचं न करता झिंक सेलेनाइड नावाच्या पिवळसर पदार्थाचं करतात. उलट आपल्याला आरपार दिसणारं स्वच्छ ॲक्रिलिक त्याला भिंतीसारखं अपारदर्शक असतं, म्हणून ते सुरेख कापलं जातं.

अलीकडे बाजारात लहान, उघड्या चौकटीची, निळ्या किरणाची डायोड यंत्रं आली आहेत. त्यांची तरंगलांबी 0.45 मायक्रॉनच्या आसपास असते. स्वस्त आणि हलकी असल्याने बहुतेक जण त्यांच्यापासूनच सुरुवात करतात. लाकूड, पुठ्ठा आणि काळं ॲक्रिलिक ती कापतात, पण स्वच्छ ॲक्रिलिकमधून निळा प्रकाश सरळ पार निघून जातो. यंत्र घेताना आणखी एक पाहा. जाहिरातीतला वॅटचा आकडा यंत्राला लागणाऱ्या विजेचा आहे की बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा? कापतो तो प्रकाश, त्यामुळे त्याचाच आकडा विचारा.

३. एका बिंदूवर किती वेळ?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तेरा लाखपट ऊन लाकडावर पडतं आणि तरी भडका उडत नाही, याचं कारण वेळेत आहे.

किरण सेकंदाला 10 मिमी वेगाने सरकतोय असं समजा. ठिपका 0.2 मिमीचा. म्हणजे लाकडाच्या कुठल्याही एका बिंदूवर किरण सेकंदाचा पन्नासावा भाग थांबतो आणि पुढे जातो. एवढ्या वेळात त्या बिंदूवरचं लाकूड विघटित होऊन त्याचा बहुतांश भाग वायू आणि धूर होऊन उडून जातो. लाकूड उष्णतेचं मंद वाहक आहे, त्यामुळे शेजारच्या लाकडापर्यंत ऊब पोचायच्या आत किरण तिथून निघून गेलेला असतो. लाकूड जळतं खरं, पण केसाएवढ्या रेघेपुरतंच. कडेचा तपकिरी रंग म्हणजे त्या रेघेच्या काठावर उरलेला कोळसा. ॲक्रिलिकची गोष्ट वेगळी: ते वितळून वाफ होतं, त्यामुळे त्याची कड काळी न पडता काचेसारखी चकचकीत निघते.

त्यात भर म्हणून भिंगाच्या बाजूने छोट्या पंपाने हवेचा झोत सोडलेला असतो. तो ज्वालाग्राही वायू आणि ठिणग्या फुंकून खाली ढकलतो आणि भिंगावर धूर बसू देत नाही. हा छोटा पंप नसलेल्या यंत्रावर मी कुणालाही जाड लाकूड कापू देणार नाही.

वेगाचं गणित करून पाहू. 40 वॅट म्हणजे सेकंदाला 40 जूल. वेग सेकंदाला 10 मिमी असेल तर प्रत्येक मिलिमीटरला 4 जूल मिळतात. वेग निम्मा केला की 8 जूल. लाकूड आरपार कापलं जात नसेल तर वेग कमी करावा असं वाटणं साहजिक आहे, पण प्रमाणाबाहेर वेग घटवला की उष्णता आजूबाजूला झिरपते, चीर रुंद होते, कड काळवंडते आणि कधीकधी खरोखर ज्योत धरते. अशा वेळी तीच रेघ त्याच वेगाने दोनदा कापणं बरं. कोपरे बाकीच्या रेघेपेक्षा काळे का असतात, तेही यातून समजतं. वळताना यंत्राचं डोकं मंदावतं. शक्ती तेवढीच राहिली तर त्या मिलिमीटरला जास्त जूल मिळतात.

पावसाळ्यात नेहमीच्याच प्लायवुडने वेगळंच वागायला सुरुवात केली, तर यंत्रात बिघाड शोधत बसू नका. लाकडाने हवेतला दमटपणा शोषलेला असतो. आधी ते पाणी वाफ होऊन जायला ऊर्जा खर्च होते, मग कापायला उरेल ती. शिवाय ताव फुगतो, वाकतो आणि त्याचा मधला भाग भिंगाच्या जवळ किंवा लांब गेल्याने ठिपका पसरतो. कोकणात राहणाऱ्यांनी प्लाय आणि एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी तंतूंचे) ताव प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली सपाट ठेवावेत.

विदर्भातल्या उन्हाळ्यात अडचण उलटी. काचेची नळी पाण्याने थंड ठेवावी लागते आणि ते पाणी साधारण 15 ते 25 अंशांत असलेलं चांगलं. बादलीतलं पाणी मे महिन्यात त्यापुढे जातंच. बर्फाच्या बाटल्या बादलीत सोडणं हा घरगुती उपाय चालतो. मात्र दमट हवेत पाणी फार गार केलं तर नळीवर बाहेरून दव धरतं, आणि जिथे हजारो व्होल्ट खेळतात तिथे ओल नको. यंत्राचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय बटण दाबूच नका.

४. हरवलेले 0.2 मिलिमीटर

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र सगळ्यांना सारखंच मिळतं. जोड घट्ट बसणार की खुळखुळणार, हे मात्र आरेखन करणाऱ्याच्या डोक्यात ठरतं.

किरणाला रुंदी आहे. तो जिथून जातो तिथलं लाकूड नाहीसं होतं. सुताराची करवतही भुसा काढतेच आणि म्हणून तो रेघेच्या कुठल्या बाजूने कापायचं ते ठरवून घेतो. लेझर यंत्र असं काही ठरवत नाही, ते रेघेच्या बरोबर मधून जातं. नाहीशा झालेल्या या रुंदीला कर्फ म्हणतात.

पेटीची बाजू जोडायला आपण कडेला दात काढतो आणि समोरच्या बाजूला तेवढ्याच खाचा. कर्फ 0.2 मिमी आहे असं धरू. संगणकावर दात 10 मिमी रुंद काढला. त्याच्या दोन्ही बाजूंनी किरण गेला, प्रत्येक बाजूने 0.1 मिमी लाकूड गेलं, दात उरला 9.8 मिमी. खाचही 10 मिमीच काढली होती. तिथे मधला तुकडा निघून जातो आणि दोन्ही कडा 0.1 मिमीने मागे सरतात, म्हणजे खाच झाली 10.2 मिमी. आता 9.8 चा दात 10.2 च्या खाचेत घालून पाहा. 0.4 मिमीची फट! कागदावर बरोबर असलेली पेटी हातात लोंबते ती यामुळे.

उपाय सोपा आहे. दात 10.2 काढायचा आणि खाच 9.8. कापल्यावर दोन्ही बरोबर 10 होतात आणि लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने जोड बसतो. प्लाय आणि एमडीएफ थोडा दाब सोसतात, त्यामुळे तिथे दात आणखी किंचित जाड ठेवला तर फेव्हिकॉलही लागत नाही. ॲक्रिलिक अजिबात दाब सोसत नाही, तडकतं. त्याला जरा सैलच ठेवावं.

पण आपल्या यंत्राचा कर्फ किती, हे कसं कळणार? साध्या फूटपट्टीने 0.2 मिमी मोजता येत नाही, म्हणून ते दहापट करून मोजायचं. 100 मिमी लांबीचा आयत काढा आणि त्याचे प्रत्येकी 10 मिमीचे दहा तुकडे पाडा. कापून झाल्यावर दहाही तुकडे एकमेकांना भिडवून ओळीने ठेवा आणि एकूण लांबी मोजा. ती 98 मिमी आली तर 2 मिमी गेले, दहा तुकड्यांत मिळून. एका तुकड्यामागे 0.2 मिमी, हाच कर्फ. व्हर्नियर कॅलिपर हाताशी असेल तर उत्तमच. तो नसेल तर घ्याच, कारण त्याचं दुसरं कामही आहे: जाडी मोजणं. दुकानात 3 मिमी म्हणून मिळालेला ताव प्रत्यक्षात 2.7 निघतो, कधी 3.2 निघतो. खाचेची खोली दुकानदाराच्या आकड्यावर न ठरवता हातातल्या तावावर ठरवायची.

चीर वर आणि खाली सारखी रुंद नसते, हेही ध्यानात ठेवा. भिंगातून निघालेला किरण बारीक होत जातो, एका ठिकाणी सगळ्यात बारीक होतो आणि पुन्हा पसरतो. जाड लाकूड कापताना तो सगळ्यात बारीक भाग लाकडाच्या पृष्ठभागावर न ठेवता जाडीच्या मध्याजवळ आणला तर कड जास्त सरळ येते.

५. रेघ आणि छटा

लेझर यंत्र दोन तऱ्हांनी काम करतं. एक म्हणजे रेघेवरून चालणं: आकाराच्या बाह्यरेषेवर किरण फिरतो आणि तुकडा सुटतो. दुसरं म्हणजे कोरणं: किरण शेतातल्या नांगरासारखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, जिथे काळं हवं तिथे पेटतो, बाकी ठिकाणी विझतो, मग किंचित पुढे सरकून परत फिरतो.

कोरण्याला फार वेळ लागतो आणि त्याचा अंदाज नवख्याला येत नाही. 100 मिमी रुंद, 60 मिमी उंच फोटो कोरायचा आहे आणि दोन ओळींत 0.1 मिमी अंतर आहे असं समजा. म्हणजे 600 ओळी. सेकंदाला 200 मिमी वेगाने एक ओळ अर्ध्या सेकंदात होते, सगळ्या मिळून 300 सेकंद, शिवाय प्रत्येक टोकाला वळण्याचा वेळ वेगळा. तोच आयत सेकंदाला 10 मिमी वेगाने कडेने कापून काढायचा तर 320 मिमीचा परीघ 32 सेकंदांत संपतो. दुकानात कोरीव काम महाग का, ते यावरून कळावं.

आरेखनासाठी इंकस्केप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पेटीचे दात आपोआप काढून देणारी फुकट साधनंही आहेत. पण पहिल्या दोन-तीन पेट्या हाताने आखाव्यात असा माझा आग्रह राहील, कर्फ डोक्यात मुरतो तो त्यातूनच.

कामाचा क्रमही आपणच सांगायचा असतो. आधी कोरीव काम, मग आतली भोकं, सगळ्यात शेवटी बाहेरची रेघ. बाहेरची रेघ आधी कापली तर तुकडा सुटून किंचित सरकतो आणि नंतर पडलेलं प्रत्येक भोक चुकीच्या जागी पडतं.

६. शिरोरेखेची देणगी

इंग्रजी नावाची पाटी लाकडातून कापली तर प्रत्येक अक्षर सुटं पडतं आणि एकेक करून चिकटवावं लागतं. देवनागरीत तसं होत नाही. शिरोरेखा अख्खा शब्द धरून ठेवते. 'सरस्वती' कापलं की सगळी अक्षरं एका तुकड्यात हातात येतात. आपली लिपी या कामासाठी फारच सोयीची आहे आणि तिचा आपण पुरेसा फायदा घेत नाही.

मात्र त्यात एक मेख आहे. संगणकावर शब्द टाइप केला की प्रत्येक अक्षर आपली शिरोरेखा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेखेवर थोडंसं चढतं. पडद्यावर ती एकच सलग रेघ दिसते. यंत्राला मात्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी दिसते आणि ते अक्षरांच्या मधोमध उभी चीर पाडतं. म्हणून मजकूर आधी आकारात बदलायचा, मग सगळे आकार एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करायची. इंकस्केपमध्ये हे थोड्याच आदेशांचं काम आहे.

तरीही अनुस्वाराचा टिंब, चंद्रकोर, विसर्ग हे सुटेच पडणार. 'आनंद' लिहिताना वरचा टिंब एका बारीक दांडीने शिरोरेखेला जोडून घ्यावा लागतो.

छापा कापताना सगळं उलटं होतं. रांगोळीच्या छाप्यात अक्षराच्या जागी भोक हवं. मग 'व', 'ब', 'म' यांच्या पोटातली बेटं खाली गळून पडतात, त्यांना पूल ठेवावे लागतात. आणि जी शिरोरेखा मघाशी आधार होती, तीच आता लांबच लांब भेग होते आणि छापा तिथे वाकतो. दर दोन अक्षरांनी तिच्यातही पूल ठेवायचा. रांगोळी टाकून झाल्यावर त्या जागा चिमटीने भरून घेता येतात.

७. यंत्रात काय घालायचं नाही

इथे सवलत नाही. पीव्हीसी कधीही लेझरखाली घालू नका. फ्लेक्सचे बॅनर, स्टिकरचं व्हिनाइल, बहुतेक रेक्झिन, सगळ्यांत ते असतं. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. ते यंत्राचे लोखंडी भाग गंजवतं, भिंगाचा लेप खराब करतं आणि फुप्फुसांना इजा करतं.

एखादं प्लास्टिक कुठलं आहे हे ठाऊक नसेल तर एक जुनी चाचणी आहे. मोकळ्या हवेत तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत लाल करा, ती त्या प्लास्टिकला टेकवा म्हणजे थोडं चिकटेल, आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. तो तुकडा यंत्रापासून लांब ठेवा.

पॉलिकार्बोनेट दिसायला ॲक्रिलिकसारखंच असतं, पण कापताना पिवळं-काळं पडतं आणि पेट घेतं. विकत घेतानाच विचारून घ्या. थर्माकोल वितळतो आणि झपकन पेटतो. 2018 साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आल्यापासून गणपतीची मखरं पुठ्ठा, कागद आणि एमडीएफची होऊ लागली, आणि घरगुती लेझर छांदिष्टांना त्यातून खूप काम मिळालं, ही चांगलीच गोष्ट झाली. पन्हळी पुठ्ठ्याच्या पोकळ्यांत मात्र हवा असते. तो कापताना ज्योत धरण्याची शक्यता साध्या लाकडापेक्षा जास्त, तेव्हा नजर हटवू नका.

चामड्यातही निवड आहे. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं टाळा. कोल्हापुरी चपलेसारखं वनस्पतींच्या द्रव्यांनी कमावलेलं चामडं घ्या. त्यावर बारीक नक्षी फार सुंदर उमटते.

डोळ्यांबद्दल. 10.6 मायक्रॉनचा किरण डोळ्याच्या बाहेरच्या पडद्यावरच शोषला जातो आणि तिथे भाजतो, पण यंत्राचं ॲक्रिलिकचं झाकण त्याला अडवतं. निळा किरण डोळ्याच्या आतपर्यंत जातो आणि दृष्टिपटल जाळतो. ती इजा भरून येत नाही. उघड्या चौकटीच्या निळ्या यंत्राजवळ त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घातल्याशिवाय मुलांना उभं करू नका. धूर खिडकीबाहेर नेणारा पंखा लावा. यंत्र चालू असताना चहा आणायलाही उठू नका, आणि अग्निशामक हाताच्या अंतरावर ठेवा.

८. सहा बाजूंचा आकाशकंदील

आता हे सगळं एका वस्तूत वापरून पाहू. यंत्राचा कापण्याचा भाग 300 × 200 मिमी, ताव 3 मिमीचा एमडीएफ, कॅलिपरवर जाडी 3.1 भरली, कर्फ 0.2.

रचना अशी: वर एक षटकोनी पाट, खाली एक, मध्ये सहा उभ्या बाजू. बाजूंना वर-खाली दात आणि पाटांना खाचा, म्हणजे बाजू एकमेकींना जोडण्याची कटकटच उरत नाही. पाटाची बाजू 100 मिमी घेतली तर तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 200 मिमी आणि कडेपासून कडेपर्यंत 173 मिमी होतो, यंत्रात आडवा मावतो.

उभ्या बाजूंचे बाहेरचे पृष्ठभाग 90 मिमीचा षटकोन करतील अशा जागी खाचा आखल्या. म्हणजे प्रत्येक बाजू 90 मिमी रुंद कापायची का? तसं केलं तर त्या एकमेकींना धडकतील. जाडीमुळे आतला षटकोन लहान असतो. त्याची बाजू 90 मधून जाडीच्या सुमारे 1.15 पट वजा केल्यावर येते: 90 उणे 3.6, म्हणजे 86.4. म्हणून पट्टी 86 मिमी रुंद आणि 180 मिमी उंच. तीन पट्ट्या शेजारी शेजारी 258 मिमीत बसतात, म्हणून एका तावात तीन आणि दोन तावांत सहा.

दात 20 मिमीचा हवा, म्हणून 20.2 काढायचा. खालच्या पाटाची खाच 19.8 × 2.9, कापल्यावर ती 20 × 3.1 होईल. वरच्या पाटाची खाच दोन्ही बाजूंनी 0.1 ने मोठी ठेवायची, त्याचं कारण पुढे येईलच. वरच्या पाटाच्या मध्यात बल्बच्या होल्डरचं भोक आणि त्याभोवती हवेसाठी छोटी भोकं. खालच्या पाटाचा मधला भाग मोठा कापून टाकायचा, म्हणजे उजेड खाली सांडेल.

जाळीची नक्षी आवडेल ती घ्या, पण नक्षीच्या दोन भोकांमधली पट्टी 2 मिमीपेक्षा बारीक नको, ती काळी पडून तुटते. एका बाजूच्या जाळीची एकूण रेघ 4 मीटर झाली आणि वेग सेकंदाला 8 मिमी असला तर 500 सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून थोडं जास्त लागतं. सहा बाजूंना पन्नास मिनिटं, आणि तेवढा वेळ यंत्रासमोर बसायचं.

कापून झाल्यावर कडा ओलसर फडक्याने पुसून घ्या, नाहीतर काजळी कागदाला लागते. मग प्रत्येक बाजूला आतून पतंगाचा कागद चिकटवायचा. जोडताना सहाही बाजू आधी खालच्या पाटात फेव्हिकॉल लावून उभ्या करा. वरचा पाट एकदम सहा दातांवर दाबायला गेलात तर तो बसत नाही. एका दातापासून सुरुवात करा आणि गोल फिरत एकेक दात खाचेत ढकलत जा. बल्ब कमी वॅटचा एलईडीच हवा, कागदाच्या इतक्या जवळ जुना तापणारा दिवा नको. वरच्या पाटाला फेव्हिकॉल लावू नका. बल्ब बदलायला तो निघाला पाहिजे, त्याच्या खाचा सैल ठेवल्या त्या त्यासाठीच. आणि पुढच्या वर्षी कागदाचा रंग बदलावासा वाटला, तर तो पाट काढून हात आत घालता येतो.